दोन ठोके

१

सन २०१४. हिवाळा. जानेवारीचा तिसरा आठवडा, सोमवार.

मापसाहेब सकाळी दाढी करत होते. त्यांची दाढी म्हणजे घरातलं दुसरं घड्याळ. आधी उजवा गाल, मग डावा, शेवटी हनुवटी. लग्नाच्या दिवशीसुद्धा हा क्रम चुकला नव्हता.

डाव्या गालावर वस्तरा टेकला आणि खरवडल्याचा आवाज आला. त्यात नवल नाही. वस्तरा फिरला की आवाज येणारच. पण वस्तरा फिरला नव्हता, नुसता टेकला होता.

खर्र. खर्र. खर्र. मग ठक.

"अगं, काय खरवडतेस?" त्यांनी आतूनच विचारलं.

"मी भाजी निवडतेय," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. "भाजी खरवडायची असते हे आजच कळलं."

"मग आवाज कसला?"

"शेजारणीने दूध करपवलं असेल. फोनवर बोलता बोलता दूध जाळण्यात तिचा हात कोणी धरायचा नाही."

पटण्यासारखं होतं. मापसाहेबांनी श्वास सोडला आणि वस्तरा पुन्हा उचलला.

श्वास सोडताना आवाज आला. श्वास धरला तेव्हा थांबला.

त्यांनी आरशात पाहिलं. साबणाने माखलेला अर्धा चेहरा, मागे पांढरी भिंत, खुंटीवर टॉवेल. सगळं जागच्या जागी. त्यांनी दाढी पुरी केली. त्या दिवशी डाव्या गालावर खुंट राहिले.

२

मापसाहेब हे नाव कारखान्याने ठेवलेलं. कामगारांनी किती विषारी धूळ श्वासात घेतली तर चालेल, याचं माप ते ठरवत. त्यांची सही झाली की ते माप कायदा.

कारखान्यात एक रुपेरी भुकटी बनत होती. रंगात घातली की भिंतीला बुरशी धरत नाही, कापडात घातली की घामाचा वास येत नाही. दाणा इतका बारीक की त्याच्यापुढे पीठ म्हणजे खडी. पिंपातून ओतली तर ती पडत नसे, वाहत असे, धुरासारखी.

माप ठरवायचं तर प्रश्न एकच होता. अंगात गेलेली भुकटी जाते की राहते? जात असेल तर माप सैल ठेवता येतं. राहत असेल तर रोज थोडी थोडी साठणार. मग माप आवळायचं, पिंपं बंद खोलीत न्यायची, कामगारांच्या तोंडावर हवेचा टोप चढवायचा, आणि तोवर काम बंद. मालकांना घाई होती.

मापसाहेबांनी काही कामगारांना कामावरून बाजूला काढून देखरेखीखाली ठेवलं. त्यांचं मलमूत्र रोज तपासलं. सुरुवातीला भुकटी बाहेर येत होती. मग कमी झाली. मग थांबली. मापसाहेबांनी निष्कर्ष दिला: अंगात काही उरत नाही.

म्हणजे दारातून कोणी बाहेर येईना, तेव्हा घर रिकामं आहे असं ठरवलं. आत किती गेले होते, हे कोणी मोजलं नव्हतं.

त्या रात्री जेवताना त्यांनी बायकोला ही गोष्ट सांगितली. बायको म्हणाली, "तुमची आत्या आली होती तेव्हा महिनाभर उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. म्हणून काय गेली म्हणायचं?"

मापसाहेब पोटभर हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सही केली.

प्रयोगशाळेतल्या मदतनीस बाईने त्यांना भुकटी हुंगवलेल्या उंदरांच्या काळजाची चकती काचेवर दाखवली होती. चकतीत करडी झाक होती. "उंदीर तो उंदीर, माणूस तो माणूस," असं म्हणून त्यांनी काच बाजूला सारली.

लाच घेतली नाही. घेतली असती तर निदान चोर म्हणता आलं असतं. त्यांना फक्त आपलं उत्तर सरळ हवं होतं. सरळ उत्तराला मान असतो.

३

कारखान्यात एक पिंपवाला होता. रिकाम्या पिंपाच्या कडांना चिकटलेली भुकटी खरवडून काढणं हे त्याचं काम. लोखंडाची ठिणगी पडायची भीती, म्हणून त्याच्याकडे लाकडी कालथा असे. तो पिंपात कमरेपर्यंत वाकायचा, तीनदा लांब खरवडायचा आणि कालथ्याला चिकटलेलं झटकायला एकदा काठावर आपटायचा. खर्र, खर्र, खर्र, ठक. दिवसभर हाच ताल. शेजारचे त्या तालावर शिट्टी वाजवत.

पिंप साफ झालं की तो ते उपडं करून बुडावर दोन ठोके द्यायचा. दोन ठोके म्हणजे पिंप रिकामं, न्या. दोन ठोके पडल्याशिवाय पिंपाला कोणी हात लावत नसे, आणि त्यानेही कधी अर्ध्यावर ठोके दिले नाहीत.

माप सैल झालं आणि त्याच्या तोंडावर टोपाऐवजी फडकं आलं.

काही वर्षांत त्याच्या नखांचे चंद्र पाटीच्या रंगाचे झाले. मग ओठ. मग खोकला. चौकशी बसली. मापसाहेबांनी साक्ष दिली, "ही भुकटी अंगात उरत नाही. त्यामुळे हा आजार भुकटीचा असू शकत नाही. तंबाखूचा असेल."

"साहेब, मी उभ्या जन्मात तंबाखूला शिवलो नाही," पिंपवाला म्हणाला.

"मग वयाचा."

तो आणखी वाद घालेल असं सगळ्यांना वाटलं. त्याने आपली निळसर बोटं टेबलावर ठेवली, मापसाहेबांच्या बोटांशेजारी. थोडा वेळ दोन्ही हात पाहत बसला.

"बरं साहेब," तो म्हणाला. "काही उरत नाही म्हणता. माझं पिंप मात्र अर्धं राहिलंय. येईन पुरं करायला."

खोलीतले लोक हसले. त्या वर्षी थंडी सुरू होता होता तो गेला.

४

आवाज थांबला नाही.

मापसाहेबांनी आधी नळ तपासले. मग पंखा. मग गादीतला कापूस. शेजारणीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "अहो, आम्ही आठवडाभर गावाला होतो. आमच्याकडचं दूध कोण जाळणार?"

ते विचार करणारे गृहस्थ. आवाज बाहेर असेल तर कानावर हात ठेवल्यावर कमी व्हायला हवा. त्यांनी ठेवले. आवाज वाढला. आवाज कानातला असेल तर श्वासाशी त्याचा संबंध नको. श्वास धरला. थांबला. म्हणजे आवाज छातीतला. छातीतला असेल तर कफ. कफ असेल तर औषध. दवाखान्यात गेले. डॉक्टरने पाठीला नळी लावली, खोल श्वास घ्या म्हणाला, ऐकलं आणि म्हणाला, "मापसाहेब, छाती कशी नव्या घरासारखी आहे. एक धूलिकण नाही."

ते सुटकेने हसले. सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचा.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना दम लागला. श्वास लांब झाला, तसा ताल पुरा ऐकू आला. खर्र. खर्र. खर्र. आणि ठक.

त्यांना तो ताल माहीत होता. कारखान्याच्या फेऱ्यांत त्यांनी तो शेकडो वेळा ऐकला होता. एकदा वैतागून "जरा हळू खरवड" असंही म्हणाले होते. ते कठडा धरून उभे राहिले. कठड्यावर त्यांची बोटं होती. अंगठ्याच्या नखाचा चंद्र पाटीसारखा करडा होता.

त्यांनी आयुष्यात भुकटीच्या पिंपाला बोट लावलं नव्हतं.

५

मापसाहेब निवृत्त झाल्यावर त्यांच्या खुर्चीवर ती मदतनीस बाई बसत होती. काच दाखवणारी. ती त्यांना सर म्हणायची.

"माझी तपासणी करायची आहे," ते म्हणाले. "भुकटीची."

तिने कारण विचारलं नाही. त्यांनी हात पुढे केले. तिने नखं पाहिली आणि आपले हात मागे घेतले.

तपासणी झाली. आठवड्याने तिने त्यांना बोलावलं. कागद टेबलावर सरकवला.

"काही नाही सर. अजिबात नाही."

"काही नाही कसं? नखं बघितलीस ना?"

"बघितली. पण बाहेर काही येत नाहीये. आणि बाहेर येत नाही म्हणजे आत नाही. नियम तुमचाच आहे."

"काळजाचा तुकडा काढून बघ."

"त्याची तरतूद नाही सर. होती. तुम्हीच गाळली. अनावश्यक, असं म्हणून."

ती टोचून बोलत नव्हती. म्हणूनच ते जास्त टोचलं.

खोलीत दोघेच होते. खिडकीखाली रस्त्यावर कोणीतरी गाडी सुरू करत होतं. गाडी निघून गेली. मग शांतता झाली आणि मदतनीस बाईने मान वाकडी केली, आपण माणसं बारीक आवाज ऐकताना करतो तशी.

"सर," ती हळू म्हणाली, "हे काय वाजतंय?"

म्हणजे आता तो दुसऱ्यांनाही ऐकू येत होता.

"या शुक्रवारी समिती बसतेय," उठताना ती म्हणाली. "कारखान्याला दुसरी शेड काढायचीय. जुन्याच मापावर. तुमचा शब्द घेणार आहेत. तुम्ही 'उरत नाही' म्हणालात की दुसऱ्या दिवसापासून तिथे फडकी बांधलेली माणसं पिंपांत वाकणार. तुम्ही 'उरते' म्हणालात तर टोप, बंद खोली, सगळं आलं. मी कितीही ओरडले तरी ते तुमच्याच तोंडाकडे बघणार."

"माहीत आहे मला."

"हो. माहीत तेव्हाही होतं," ती म्हणाली.

६

पिंपवाल्याच्या बायकोचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत खाट, शिवणयंत्र, एक खुर्ची. भिंतीला खिळा होता. खिळ्याखाली भिंतीवर लांबट फिकट डाग होता, बरीच वर्षं काहीतरी टांगून ठेवल्यासारखा. खिळा रिकामा होता.

ती शिवत होती. मापसाहेबांना तिने ओळखलं. बसा म्हणाली नाही. ते आपणच बसले. जिना चढून आल्यामुळे श्वास मोठा चालला होता.

खर्र. खर्र. खर्र. ठक.

तिचं यंत्र थांबलं. ती उठून दाराशी गेली, बाहेर पाहिलं, जिन्यावर कोणी नाही असं पाहून परत आली. मग मापसाहेबांच्या छातीकडे पाहू लागली. चेहऱ्याकडे नाही, छातीकडे. कितीतरी वेळ पाहिलं. कामावरून माणूस घरी येतो तेव्हा बायकोच्या चेहऱ्यावर जे येतं, ते तिच्या चेहऱ्यावर आलं.

"त्यांचाच हात," ती म्हणाली.

"बाई," मापसाहेब म्हणाले. हा शब्द काढायला त्यांना जड गेलं. "हे थांबवा."

"मी कोण थांबवणार? ते जिवंत होते तेव्हाही काम करताना माझं ऐकायचे नाहीत. जेवण निवायचं. म्हणायचे, दोन ठोके पडू देत."

"तुमच्या नवऱ्याला... मी..."

"माफी मागायला आलात का? ती तुमच्याजवळ ठेवा. इथे खोल्या लहान आहेत, ठेवायला जागा नाही."

ती पुन्हा यंत्रापाशी बसली. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करून सुईत ओवलं.

"तो कालथा या खिळ्याला होता," ती म्हणाली. "ते गेल्यावर कारखान्याने तेवढाच पाठवला. दोन-तीन आठवड्यांमागे एका सोमवारी सकाळी उठले तर खिळा रिकामा. मी म्हटलं, निघाले वाटतं कामाला."

मापसाहेबांनी विचारलं, "कधी संपेल?"

"आता लांब लांब खरवडतायत. म्हणजे बुडापाशी पोचले असतील." तिने चाक फिरवलं. "तुमच्या हातात एवढंच आहे. शुक्रवारी समिती बसतेय, वस्तीत सगळ्यांना माहीत आहे; तिथे जाऊन खरं बोला. चारचौघांत. अर्ध्या पिंपावरून उठलेला माणूस नाही तो, पण कोणी खरं बोललं तर ऐकायचा. भला होता. मी नाही तेवढी भली."

मापसाहेब उठले. दारात त्यांना तिचं हसू ऐकू आलं. एकदाच, छोटं.

"आणि साहेब, नीट श्वास घ्या. त्यांना अंधारात काम करायला त्रास होतो."

७

शुक्रवार. सकाळी लख्ख ऊन होतं. समितीची खोली मोठी, टेबल काचेचं, खुर्च्या नव्या. दारापाशी चहावाला ट्रे घेऊन उभा.

मापसाहेब खरं बोलायचं ठरवून आले होते. वाटेत त्यांनी शब्द जुळवले होते. उरते. माझं माप चुकलं. एवढंच. एवढं बोलायला श्वास लागत नाही.

अध्यक्ष उठून उभे राहिले. "ज्यांच्या मापावर आपण सगळे डोळे मिटून चालतो, ते स्वतः आलेत. त्यांना तसदी देणं बरं नाही, पण एक शब्द हवा. पुढे माप तेच ना साहेब? की इतक्या वर्षांनी तुम्ही आम्हाला चुकलो म्हणून सांगायला आलात?"

सगळे हसले. अध्यक्षांचा विनोद म्हटल्यावर हसावंच लागतं.

त्या हसण्याने घोळ केला. हे हसू मापसाहेबांनी पिंपवाल्याच्या चौकशीतही ऐकलं होतं, पण तेव्हा ते दुसऱ्यावर होतं. त्यांना आपलं नाव दिसलं, खुर्ची दिसली, मान दिसला. टोकाला बसलेली मदतनीस बाई त्यांच्याकडे पाहत होती. एका शब्दाने तिचं खरं आणि त्यांचं खोटं ठरणार होतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

"माप तेच," मापसाहेब म्हणाले. "अंगात काही उरत नाही."

आवाज थांबला.

इतके दिवस चाललेली खरवड अचानक थांबली. छाती हलकी झाली. त्यांना वाटलं, बघा, उगाच भ्यालो. त्यांनी हसून पाण्याचा पेला उचलला.

ठक. ठक.

सगळ्यांनी ऐकलं. स्वच्छ, पोकळ, रिकाम्या डब्यावर वाजावं तसं.

"या, आत या," अध्यक्ष दाराकडे पाहून म्हणाले.

दार उघडंच होतं. चहावाल्याने बाहेर डोकावून पाहिलं. बाहेर कोणी नव्हतं.

मग मापसाहेबांना खोकला आला. ते टेबलावर वाकले. तोंडातून रक्त नाही, कफ नाही, रुपेरी धूर आला. तो वर गेला नाही. काचेवर पडला आणि वाहत निघाला, टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, प्रत्येकाच्या पेल्याला वळसा घालत. येत राहिला. एका माणसात मावेल त्याहून जास्त.

पहिला रुमाल अध्यक्षांच्या नाकावर गेला. मग सगळ्यांच्या. खुर्च्या पडल्या. काही उरत नाही म्हणणारे, काही उरत नाही यावर सह्या करणारे, नाक दाबून एकमेकांना तुडवत दाराकडे पळाले. चहावाला सगळ्यात शेवटी निघाला, कारण त्याला आधी ट्रे ठेवायचा होता.

मदतनीस बाई पळाली नाही. ओढणी तोंडावर धरून ती भिंतीशी उभी राहिली. खिडकीतून ऊन धुरात पडलं होतं. त्या उन्हात तिला मापसाहेबांच्या मागे एक वाकलेली पाठ दिसली. कमरेपर्यंत वाकलेली. पाठ हळूहळू सरळ झाली, दिवसाचं काम संपल्यावर माणूस कमरेवर हात ठेवून सरळ होतो तशी.

मग ऊन होतं आणि धूळ होती.

८

मापसाहेब त्या टेबलावरच गेले. या वेळी तुकडा काढून बघायची तरतूद कोणी विचारली नाही. मदतनीस बाईने स्वतः बघितलं.

त्या खोलीत बसलेल्यांपैकी एकानेही पुन्हा जुन्या मापावर सही केली नाही. धूर त्यांच्याही घशात गेला होता. दुसरी शेड निघाली ती बंद खोल्यांची, आणि पिंपाजवळ जाणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडावर टोप आला. अध्यक्ष रोज सकाळी आपली नखं उजेडात धरून बघतात म्हणे.

मदतनीस बाई दोन खोल्यांच्या घरी गेली. पिंपवाल्याच्या बायकोने तिला बसायला खुर्ची दिली.

"काय होतं हो आत?" तिने विचारलं.

"काही नाही," मदतनीस बाई म्हणाली. "भुकटीचा कण नाही. आणि दुसरंही काही नाही. आतून सगळं खरवडून घेतल्यासारखं. स्वच्छ."

पिंपवाल्याच्या बायकोने मान हलवली. भिंतीवरच्या खिळ्याला लाकडी कालथा टांगलेला होता. तिने तो काढला, पदराने दोन्ही बाजूंनी पुसला आणि परत खिळ्याला लावला.

देणं फिटलं.